वाचकांचे प्रश्न : ‘द ग्रेट डिव्हाइड’ची बाजू

मागच्या अंकात ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या ॲनिमेशन मालिकेविषयी लिहिताना, ‘द ग्रेट डिव्हाइड हा भाग जितका बदनाम आहे तितका वाईट नाही’, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेले. आलेली बहुतेक पत्रे मूळ लेखाबद्दल नसून त्या एका वाक्याबद्दल आहेत. काहींत राग आहे, काहींत खरी उत्सुकता आहे, आणि जवळजवळ सगळ्यांत मालिकेवरचे प्रेम आहे. म्हणून हे सदर मी या वेळी पूर्णपणे त्याच भागासाठी ठेवले आहे.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको यांनी निर्माण केलेली ही मालिका २००५ ते २००८ या काळात निकलोडियन वाहिनीवर तीन पर्वांत, एकूण ६१ भागांत दाखवली गेली. शंभर वर्षे बर्फात गोठून राहिलेला बारा वर्षांचा आंग हा जगातला शेवटचा एअरबेंडर, म्हणजे वायूवर हुकमत चालवणारा, आहे आणि चारही तत्त्वांवर हुकमत मिळवू शकणारा एकमेव ‘अवतार’ही तोच आहे. कटारा आणि सोक्का ही बहीणभावंडे त्याच्याबरोबर आप्पा नावाच्या उडणाऱ्या बायसनवर बसून उत्तर ध्रुवाकडे निघाली आहेत, कारण आंगला तिथे पाण्याची विद्या शिकायची आहे. २० मे २००५ रोजी प्रथम दाखवल्या गेलेल्या, पहिल्या पर्वाच्या अकराव्या भागात ही तिघे एका अफाट दरीच्या काठावर पोहोचतात. तिथे दोन टोळ्या दरी ओलांडायला आलेल्या असतात. गान जिन ही टापटिपीची आणि शिष्टाचार जपणारी टोळी, तर झांग ही रांगडी, अघळपघळ टोळी. अग्निराष्ट्राने जगावर लादलेल्या युद्धामुळे दोन्ही निर्वासित झालेल्या आहेत, दोघींनाही बा सिंग से या शहरात आसरा हवा आहे, आणि दोघींमध्ये शंभर वर्षांचे वैर आहे. त्यांना एकत्र दरीपार नेण्याची जबाबदारी आंग घेतो, आणि शेवटी एक खोटी गोष्ट सांगून ते वैर मिटवतो. चाहत्यांच्या तक्रारींचे मूळ या शेवटात आहे.

प्रश्न : या भागात मुख्य कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. आंगच्या मागावर असलेला अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको नाही, अग्निराष्ट्राचा पाठलाग नाही, आंग नवीन काही शिकत नाही. या टोळ्या पुढे पुन्हा दिसतही नाहीत. याला भरीचा भाग म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

आपण सांगितलेल्या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतली एकही मी नाकारत नाही. हा भाग मालिकेतून काढून टाकला तरी पुढचे कथानक समजायला कुठेही अडत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, कथानक पुढे सरकणे हे भागाच्या मोजमापाचे एक माप आहे, आणि या भागाला ते लावले की त्याच्यातले काहीच हाती लागत नाही.

आधी त्या वेळच्या प्रेक्षकांची बाजू मांडते, कारण त्यांचा वैताग मला अगदी समजतो. दहावा भाग ‘जेट’ ६ मे २००५ रोजी दाखवला गेला होता. अग्निराष्ट्राच्या द्वेषाने पेटलेला एक तरुण धरण फोडून निरपराध माणसांसकट अख्खे गाव बुडवायला निघतो, अशी ती जळजळीत कथा होती. त्यानंतर दोन आठवडे वाट पाहिल्यावर प्रेक्षकांच्या वाट्याला आले ते टापटीप माणसे आणि गबाळी माणसे यांचे भांडण. पुन्हा दोन आठवड्यांनी, ३ जूनला, ‘द स्टॉर्म’ आला, जो अनेकांच्या मते पहिल्या पर्वाचा कणा आहे. अशा दोन भागांच्या मधे सापडलेला कोणताही हलका भाग फिका दिसणारच. चार आठवड्यांच्या त्या प्रतीक्षेतून या भागाची जी प्रतिमा तयार झाली, ती पुढे ज्यांनी सगळे भाग सलग पाहिले त्यांनीही जशीच्या तशी स्वीकारली, असे मला वाटते.

आता त्याच क्रमाकडे दुसऱ्या बाजूने पाहा. दरीच्या काठावर मध्यस्थी करायला आंग फारसा उत्सुक नसतो. तू अवतार आहेस, माणसांमध्ये शांतता घडवून आणणे हे तुझे काम आहे, असे कटारा त्याला बजावते तेव्हा तो तयार होतो. संपूर्ण भागभर तो ते काम करतो, त्यात पडतो, चिडतो, उपाशी राहतो, आणि शेवटी सरळ मार्गाने नव्हे तर आडमार्गाने त्यातून सुटतो. त्याच्या लगेच पुढच्या भागात आपल्याला कळते की, शंभर वर्षांपूर्वी ‘तू अवतार आहेस’ हे ऐकल्यावर हाच मुलगा घाबरून पळून गेला होता. वादळात सापडून तो बर्फात गोठला, त्याच्यामागे त्याचे सगळे लोक मारले गेले, आणि आता एक म्हातारा कोळी त्याला तोंडावर सुनावतो की, तू जगाकडे पाठ फिरवलीस. हे दोन भाग पाठोपाठ पाहिले तर दरीतल्या आंगचा चेहरा वेगळा दिसू लागतो. ज्या पदापासून तो पळाला होता, ते पद पाठीशी कोणी गुरू नसताना, सैन्य नसताना आणि पुरेशी विद्याही नसताना तो इथे प्रथमच अंगावर घेऊन पाहतो आहे. लेखकांनी हा क्रम ठरवून लावला होता, असा दावा मी करणार नाही. पडद्यावर मात्र तो तसा घडलेला आहे.

प्रश्न : खरा आक्षेप खोटेपणावर आहे. झांग टोळीच्या सांगण्यानुसार त्यांच्या एका निरपराध माणसाला वीस वर्षे तुरुंगात काढावी लागली. आंग त्याचा खेळ करून टाकतो. सत्य न शोधता एक लोणकढी थाप मारून नायक मोकळा होतो, आणि मालिका त्याला शाबासकी देते. लहान मुलांनी यातून काय घ्यायचे?

सगळ्या पत्रांतला हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, त्यामुळे याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

दोन्ही टोळ्यांच्या हकिकती आधी शेजारी शेजारी ठेवू. गान जिन सांगतात की, त्यांचा पूर्वज जिन वेई हा पवित्र गोळा घेऊन पूर्वेच्या दरवाज्यापासून पश्चिमेच्या दरवाज्याकडे प्रायश्चित्ताच्या विधीसाठी निघाला होता, वाटेत झांगांच्या वेई जिनने त्याला पाडले आणि गोळा चोरला. झांग सांगतात की, वेई जिनला जिन वेई कोसळलेला दिसला, तो मदतीला धावला, जिन वेईनेच त्याला गोळा पोहोचवण्याची विनंती केली, आणि तो गोळा घेऊन हद्दीत शिरताच त्याला पकडून वीस वर्षे डांबून ठेवण्यात आले. या दोन्ही आठवणी मालिकेच्या नेहमीच्या चित्रशैलीत नाहीत, आणि एकमेकींसारख्याही नाहीत. जिची तिची शैली जिच्या तिच्या स्वभावाची आहे. हे आपण पाहत आहोत ते घडलेले नव्हे, तर सांगितले जात असलेले आहे, हे प्रेक्षकाला संवादातून न सांगता रेषांमधून सांगितलेले आहे. लहान मुलांच्या मालिकेत इतकी सूक्ष्म सूचना दिली जाते आणि आपण तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता दोन्ही हकिकतींत काय समान आहे ते पाहा. माणसे तीच, गोळा तोच, जिन वेईचे जमिनीवर पडलेले असणे तेच आणि गोळा वेई जिनच्या हातात असणेही तेच. वाद घडलेल्या घटनेवर नाही, हेतूवर आहे. वेई जिनच्या मनात चोरी होती की मदत, हे शंभर वर्षांनंतर कोणत्या पुराव्याने ठरवायचे? साक्षीदार कोणीही जिवंत नाही. आपण म्हणता तसे आंगने सत्य शोधायला हवे होते, पण त्या दरीत सापडण्याजोगे सत्य उरलेलेच नव्हते. उरल्या होत्या त्या दोन पाठांतर केलेल्या हकिकती, आणि प्रत्येक टोळीला आपलीच हकिकत खरी असल्याची पूर्ण खात्री.

अशा वेळी आंग सांगतो की, मी दिसतो लहान, पण माझे वय एकशे बारा आहे आणि त्या दिवशी मी तिथे होतो. जिन वेई आणि वेई जिन हे दोन शत्रू नव्हते, आठ वर्षांचे जुळे भाऊ होते. ‘प्रायश्चित्त’ हे त्यांच्या खेळाचे नाव होते, पवित्र गोळा हा त्यांचा चेंडू होता, पूर्व आणि पश्चिमेचे दरवाजे ही गोल करण्याची ठिकाणे होती. जिन वेई पडला, वेई जिनने चेंडू उचलला, आणि नियमभंगाबद्दल पंचाने त्याला वीस वर्षे नव्हे, दोन मिनिटे बाहेर बसवले. या कथेची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. दोन्ही टोळ्यांनी जपलेला एकही तपशील आंग फेकून देत नाही. नावे, गोळा, दरवाजे, पडणे, शिक्षा, अगदी विधीचे नावसुद्धा तो ठेवतो. कोणत्याही टोळीला ‘तुमचे पूर्वज खोटारडे होते’ असे म्हणावे लागत नाही. तुमच्या पूर्वजांनी तुम्हाला बरोबरच सांगितले, फक्त सांगता सांगता प्रमाण सुटले, एवढेच मान्य करावे लागते. माघार घेण्यासाठी दोन्ही बाजूंना सन्मानाची वाट ठेवणे ही मध्यस्थीतली सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाला ती सुचते, हे मला कौतुकास्पद वाटते.

आणि तरीही आपला आक्षेप पुसला जात नाही. झांगांची हकिकत खरी असेल, तर एका माणसाच्या आयुष्याची वीस वर्षे त्याच्याच वंशजांच्या आठवणीतून मिटवली गेली. वेई जिन त्या क्षणी जिवंत असता, तुरुंगात असता किंवा त्याची मुले न्याय मागत असती, तर आंगच्या या कृतीचे समर्थन मी एका शब्दानेही केले नसते. इथे मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यात जिवंत माणसे आहेत. त्यांत म्हातारी आहेत, आजारी आहेत, मुले आहेत. त्यांची घरे युद्धात गेली आहेत, आणि त्यांचे पुढारी तलवारी उपसून एकमेकांसमोर उभे आहेत. मेलेल्यांच्या न्यायासाठी जिवंत माणसांना कापले जाऊ द्यायचे का, असा तो पेच आहे. माझा कौल आंगच्या बाजूने आहे, पण तो मी सहज देत नाही.

मालिका त्याला शाबासकी देते, हे मात्र मला मान्य नाही. टोळ्या निघून गेल्यावर आंग आपल्या सोबत्यांना मोकळेपणाने सांगून टाकतो की, ते सगळे मी रचले होते. त्यावर हे फार चुकीचे आहे, असे कटारा म्हणते. तिच्या स्वरात रागापेक्षा आश्चर्य जास्त आहे, हे खरे, पण तिचे वाक्य कोणी खोडून काढत नाही. लेखकांना निव्वळ सुखान्त हवा असता तर ही कबुली ठेवण्याची काही गरज नव्हती. ती जुळ्या भावांची गोष्ट खरी मानून आपण समाधानाने उठलो असतो. आपल्याला जो अस्वस्थपणा वाटतो, तो त्या कबुलीमुळे वाटतो, आणि ती कबुली लेखकांनी हाताने लिहून ठेवलेली आहे. मुलांनी यातून काय घ्यायचे, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, भाग संपल्यावर मुलांना ‘आंगने बरोबर केले का?’ असे विचारावे आणि त्यांना वाद घालू द्यावा. या मालिकेतल्या फार थोड्या भागांवर मुले इतके खरेखुरे भांडू शकतील.

प्रश्न : तिसऱ्या पर्वात अग्निराष्ट्राच्या शाळेत मुलांना खोटा इतिहास शिकवला जातो, आणि मालिका त्याचा धिक्कार करते. मग आंगने इतिहास बदलला तर तो चालतो, हा दुटप्पीपणा नाही का?

आपण ‘द हेडबँड’ या भागाबद्दल बोलत आहात. तिथे शिक्षिका मुलांना विचारते की, अग्निराष्ट्राचा पूर्वीचा राजा सोझिन याने वायुराष्ट्राच्या सैन्याशी कोणत्या वर्षी लढाई केली, आणि वर्गात लपून बसलेला आंग सांगतो की, त्या लोकांकडे सैन्यच नव्हते. तुलना योग्य आहे आणि ती करायलाच हवी. माझ्या दृष्टीने फरक असा आहे की, अग्निराष्ट्राचा खोटा इतिहास मारणाऱ्यांनी आपले कृत्य झाकण्यासाठी लिहिलेला आहे आणि तेच कृत्य पुढे चालू ठेवण्यासाठी तो शिकवला जातो. आंगच्या कथेत त्याचा स्वतःचा लाभ नाही, कोणाचा अपराध चालू राहत नाही आणि तिच्यामुळे हाणामारी थांबते.

एवढ्याने आपले पूर्ण समाधान होणार नाही, कारण सत्ताधाऱ्यांची प्रत्येक थाप स्वतःला शांततेचीच म्हणवते. म्हणूनच दुसऱ्या पर्वातला ‘अवतार डे’ हा भाग या भागाला जोडून पाहावा, असे मी सुचवते. तिथे एक गाव असे आहे की, ज्याला अवतारांचा राग आहे, कारण पूर्वीच्या जन्मातल्या अवताराने, म्हणजे क्योशीने, त्यांचा नेता चिन याला मारले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. या वेळी आंग थाप मारत नाही. सोक्का आणि कटारा रीतसर पुरावे गोळा करतात, खटला उभा राहतो, आणि शेवटी क्योशी स्वतः आंगच्या रूपात प्रकट होऊन ‘होय, मी त्याला मारले’ असे सांगते. सत्य उजेडात येते आणि आंगला उकळत्या तेलात टाकण्याची शिक्षा होते. तो वाचतो, तेही न्याय झाला म्हणून नव्हे, तर त्याच वेळी गावावर हल्ला होतो आणि गावाला त्याची गरज पडते म्हणून. एकाच मालिकेने एकदा असत्याने वैर मिटताना दाखवले आणि एकदा सत्याने जीव धोक्यात येताना दाखवले. यातून मला दिसतो तो दुटप्पीपणा नव्हे, तर एकाच प्रश्नाकडे पुन्हा वळलेले लक्ष.

आणखी एक आठवण करून देते. दरीच्या भागानंतर तीनच भागांनी ‘द फॉर्च्यूनटेलर’ येतो. तिथे भविष्यवेत्तीवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या गावाला ज्वालामुखीपासून वाचवण्यासाठी आंग आणि कटारा आकाशातल्या ढगांचा आकार बदलतात आणि खोटा शकुन निर्माण करतात. तीही फसवणूकच आहे, पण त्या भागाबद्दल अशी तक्रार करणारे एकही पत्र आजवर माझ्याकडे आलेले नाही.

प्रश्न : दोन्ही टोळ्या अगदीच एका रंगाच्या आहेत. एक नीटनेटकी, एक गबाळी, बस्स. आणि सोक्का व कटारा एवढे समंजस असूनही लगेच एकेका टोळीची बाजू घेऊन भांडू लागतात, हे पटत नाही.

टोळ्या ठसठशीत एकाच रंगात रंगवल्या आहेत, हे मान्य. वीसएक मिनिटांत दोन समाज उभे करायचे म्हटल्यावर रंग जाड होतात. झांगांच्या वाट्याला जरा अधिकच हसू आले आहे, आणि ते टाळता आले असते, असे मलाही वाटते.

सोक्का आणि कटारा यांच्याबद्दल मात्र मी आपल्याशी असहमत आहे. हा भाग सुरू कसा होतो, ते आठवून पाहा. मुक्काम टाकताना दोघांचे तंबूवरून भांडण लागते. तंबूवर ताडपत्री घालायला हवी, पाऊस आला तर काय, असे कटाराचे म्हणणे असते. कोरडा ऋतू आहे, पाऊस नाही आला तर घातलेली ताडपत्री फुकट गेली, असे सोक्काचे उत्तर असते. आंग येतो, दोघांची कामे बदलून देतो, आणि भांडण मिटते. पुढे दरीत टोळ्यांची वाट वेगळी करावी लागते, तेव्हा कटारा गान जिनांबरोबर जाते आणि सोक्का झांगांबरोबर जातो. रात्री मुक्कामाला गान जिन आपल्या तंबूंवर ताडपत्री चढवतात, कारण काळजी घेतलेली बरी. झांग ताडपत्री घालत नाहीत, कारण कोरडा ऋतू आहे. सोक्काला वाटते, अखेर शहाणी माणसे भेटली. कटारालाही नेमके तसेच वाटते.

हे दृश्य मला फार आवडते. माणूस एखाद्या गटाची बाजू घेतो तेव्हा पुरावे तपासून घेत नाही. त्याच्या एखाद्या क्षुल्लक सवयीला तिथे दुजोरा मिळतो, आणि मग त्या गटाची शंभर वर्षांची तक्रारही त्याला आपली वाटू लागते. ताडपत्रीवर एकमत झाले, म्हणून पवित्र गोळ्यावरही एकमत झाले. समंजस माणसांच्या बाबतीत हे होत नाही, असे आपण कोणत्या अनुभवावरून म्हणतो? उलट, ती दोघे समंजस आहेत हे आपल्याला माहीत आहे, म्हणूनच हे टोचते.

खाण्याचा प्रसंगही याच जातीचा आहे. दरीत हिंस्र प्राणी आहेत, ते वासाने येतात, म्हणून वाटाड्याने सर्वांना खाणे बरोबर आणायला मनाई केलेली असते. दोन्ही टोळ्या चोरून खाणे आणतात. झांगांचे स्पष्टीकरण असे असते की, आपण आणले असणार असे समोरच्यांना वाटणारच, त्यामुळे ते आणणारच, मग आपणच का उपाशी राहायचे? दुसरीकडे गान जिनांचाही हिशेब तोच असतो. कोणाचाही हेतू दुष्ट नाही, प्रत्येकाचा तर्क आपापल्या जागी बिनतोड आहे, आणि त्या तर्कांच्या बेरजेने सगळ्यांच्या जिवावर बेतते. सोक्का आणि कटारा दोघेही ते खाणे स्वीकारतात. या दोघांना विश्वासात घेतले जाते, आणि ज्याने सर्वांना एकत्र आणले तो आंग तेवढा उपाशी राहतो.

प्रश्न : आप्पाने दोन-चार खेपांत सगळ्यांना पलीकडे सोडले असते. नवव्या भागात आंगने आप्पाला बोलावण्याची शिट्टीही घेतलेली आहे. ती का वाजवली नाही?

याचे समाधानकारक उत्तर भागात नाही. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना आप्पावरून पाठवून दिले जाते, आणि बाकीच्यांनी एकत्र चालत जावे अशी आंगची इच्छा असते, एवढे सुरुवातीपुरते पटते. पण वाटाड्याचे दोन्ही हात मोडतात, तो पृथ्वी-बेंडर असूनही त्याच्या विद्येचा उपयोग राहत नाही, आणि सगळे जण खाली अडकतात, त्यानंतर शिट्टीची आठवण कोणालाच होऊ नये, ही पटकथेतली उघड चूक आहे. ती चूक मी पदरात घेते.

प्रश्न : खुद्द मालिकेच्या कर्त्यांनीच या भागाची खिल्ली उडवली आहे. मग आपण त्याची वकिली का करता?

‘द एम्बर आयलंड प्लेयर्स’ या तिसऱ्या पर्वातल्या, १८ जुलै २००८ रोजी दाखवल्या गेलेल्या भागाचा हा संदर्भ आहे. त्यात एक नाटक मंडळी आंग आणि त्याच्या सोबत्यांच्या प्रवासावर नाटक करते. रंगमंचावरची पात्रे या दरीपाशी येतात, तिचे नाव घेतात आणि न थांबता पुढे उडून जातात. चाहत्यांना तो विनोद फार आवडला, आणि ‘पाहा, त्यांनीही हात झटकले’ असा त्याचा अर्थ लावला गेला.

‘द ग्रेट डिव्हाइड’ जॉन ओब्रायन यांनी लिहिला आणि जियानकार्लो व्होल्पे यांनी दिग्दर्शित केला. नाटकाच्या त्या भागाचे दिग्दर्शकही व्होल्पेच आहेत आणि त्याच्या तीन लेखकांपैकी एक ओब्रायन आहेत. म्हणजे दुसऱ्या कोणी या भागाला हिणवलेले नाही, ज्यांनी तो केला त्यांनीच स्वतःकडे पाहून हसून घेतले. शिवाय, त्या नाटकात फक्त या दरीचीच नव्हे, प्रत्येकाची रेवडी उडवली आहे. कटारा रडूबाई आहे, सोक्का फक्त खाण्याविषयी विनोद करतो, आणि आंगचे काम एक बाई करते. नाटकातल्या कटाराकडे बोट दाखवून ‘लेखकांना कटारा आवडत नव्हती’ असे कोणी म्हणत नाही.

आणि कर्त्यांना खरोखरच हा भाग नावडता असला, तरी माझे मत बदलणार नाही. आपल्या कामात काय फसले हे ज्याला ठाऊक असते, त्याच्या नजरेला तेच आधी दिसते. प्रेक्षकाला त्यात जे सापडले ते कमी खरे ठरत नाही.

प्रश्न : माझी मुलगी मालिका पहिल्यांदाच पाहते आहे. तिला हा भाग वगळायला सांगू की पाहू देऊ?

पाहू द्यावा, आणि क्रमानेच पाहू द्यावा. आधी ‘जेट’, मग हा, मग शक्य असल्यास त्याच दिवशी ‘द स्टॉर्म’. ‘जेट’मध्ये तिला द्वेष गावाला बुडवायला निघालेला दिसेल. इथे तोच द्वेष ज्यांना त्याचे कारणही धड आठवत नाही अशा माणसांत दिसेल. ज्या युद्धाला शंभर वर्षे झाली त्याच युद्धाने विस्थापित झालेली माणसे स्वतःचे शंभर वर्षांचे दुसरे युद्ध बरोबर वागवत आहेत, हे कदाचित तिचे तिलाच जाणवेल. आपण आधी सांगू नये.

एका प्रसंगापाशी मात्र तिच्याजवळ बसावे. दरीच्या टोकाशी दोन्ही पुढारी शब्दाला शब्द वाढवत असताना आंग कळवळून सांगतो की, कठोर शब्दांनी प्रश्न सुटत नाहीत, कृतीने सुटतात. त्यावर पुढारी एकमेकांकडे पाहतात, अवतार म्हणतो ते बरोबर आहे असे मान्य करतात, आणि तलवारी उपसतात. आंगने आयुष्यात जे चांगले बोलायला शिकलेले असते ते त्याने बोलून झालेले असते, आणि त्याचा हा असा अर्थ झालेला असतो. थोड्या वेळाने, खाण्याच्या वासाने आलेल्या प्राण्यांना सगळे मिळून आवरतात, त्यांच्या पाठीवर बसून दरीबाहेर येतात आणि बाहेर येताच पुन्हा भांडू लागतात, तेव्हा तो मुलगा तोंड उघडतो आणि दोन जुळ्या भावांची गोष्ट सांगू लागतो. त्या क्षणी मुलीला गोष्ट खरी वाटते आहे का, हे तिच्या चेहऱ्यावर पाहावे. आणि शेवटच्या कबुलीनंतर ती काय म्हणाली, ते मला अवश्य कळवावे.